काचवाल्याच्या पँटमधले अकरा तुकडे

नोकरीच्या तिसऱ्या महिन्यात माझ्या टेबलावर एक पँट आली. राखाडी रंगाची, गुडघ्यांवर पुट्टीचे डाग, खाली दोन्ही पायांना दुमड. खाकी कागदात बांधलेली, वर लाखेच्या मोहोरा. सोबत एका डबीत काचेचे तुकडे आणि पोलीस ठाण्याचं पत्र. पार्सल घेऊन आलेला हवालदार माझी सही घेता घेता म्हणाला, "म्याडम, ह्याच्यात काही नाही. माणूस पकडलेला आहे, पँटमध्ये काच भेटलेली आहे. तुम्ही फक्त जुळते म्हणून लिहून द्या."

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. मौद्याजवळच्या खेड्यातून नागपूरला येऊन भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलेली, सक्करदऱ्याला दोन मैत्रिणींसोबत खोली घेऊन राहणारी आणि गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत नव्याने लागलेली. 'जुळते म्हणून लिहून द्या' हे ऐकून मला राग यायला हवा होता. पण खरं सांगते, मला आनंदाने उड्या मारायच्या होत्या. तोवर मी फक्त दुसऱ्यांच्या केसेसची रजिस्टरं भरत होते. ही माझी पहिली केस होती, आणि तीही काचेची!

पत्रात लिहिलं होतं ते असं. एका मोबाइलच्या दुकानाची समोरची काच फोडून चोरी झाली होती. त्याच गल्लीत दोन दिवसांपूर्वी एक काचवाला कुणाच्या तरी खिडकीला तावदान बसवायला आला होता. काम झाल्यावर त्याने त्या दुकानात जाऊन फोनच्या किमती विचारल्या होत्या, चांगला अर्धा तास, आणि फोन न घेताच निघून गेला होता. एवढ्यावरून पोलिसांनी त्याला उचललं. झडतीत पँटच्या दुमडीत काच निघाली. झालं. तो आता जामिनावर बाहेर होता.

आमच्या विभागाच्या प्रमुख एक म्याडम होत्या. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, केस घट्ट बांधलेले, आवाज बारीक आणि नजर अशी की न केलेली चूकही कबूल करावीशी वाटे. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि मला विचारलं, "धंदा काय आहे त्याचा?"

"काच कापायचा."

"मग त्याच्या पँटमध्ये काय निघायला पाहिजे?"

"काच."

"हं. म्हणजे काच निघाली ह्यात काही मोठी गोष्ट नाही. कोणती निघाली ते पाहायचं आहे. लाग कामाला."

पांढऱ्या कागदावर पँट झटकायची, दुमड उलगडायची, खिसे उलटे करायचे, मऊ ब्रशने एकेक कण गोळा करायचा आणि भिंगाखाली धरायचा. त्यातून पुट्टी निघाली, लाकडाचा भुसा निघाला, तंबाखूच्या खर्र्यातली सुपारी निघाली, आणि काचेचे अकरा तुकडे निघाले. सगळ्यात मोठा साबुदाण्याएवढा. मी ते धुऊन, वाळवून अकरा डब्यांत ठेवले. डबीतून आलेले दुकानाच्या काचेचे तुकडे वेगळे.

आता हे कसं मोजायचं? इतक्या बारीक तुकड्याचं वजन करून आकारमान काढणं शक्य नाही. म्हणून उलटं करायचं. तुकड्याला मोजायचंच नाही, द्रवाला मोजायचं. एक फार जड द्रव असतो, साधी काच त्यात बुचासारखी वर तरंगते. त्यात एक हलका द्रव थेंबाथेंबाने मिसळत जायचं. मिश्रण हलकं होत जातं, आणि एका थेंबाला असं होतं की काच वरून सुटते, पण तळाला जात नाही. मध्येच थांबते. ना खाली, ना वर. तिथे काच आणि द्रव सारख्याच घनतेचे. मग द्रवाची घनता मोजली की काचेची कळली. दोन तुकडे एकाच नळीत टाकले आणि दोघंही एकत्र थांबले, तर दोघांची घनता एक.

पहिल्यांदा काच अशी अधांतरी थांबलेली पाहिली तेव्हा मी श्वास घ्यायलाच विसरले. द्रवाचा आणि काचेचा रंग जवळजवळ सारखा, त्यामुळे तुकडा नीट दिसतही नाही. नळी जरा फिरवली की त्याची एखादी कड चमकते आणि पुन्हा नाहीशी होते. मी ती नळी इतक्यांदा फिरवली की म्याडम मागून म्हणाल्या, "ती काच आहे, पाळण्यातलं बाळ नाही."

त्या संध्याकाळी मी बाबांना फोन केला. बाबा धान लावतात. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. जड द्रव, हलका द्रव, थेंब, तरंगणं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे धानाचंच काम आहे ना वं हे. आपण पेरायच्या आधी मिठाच्या पाण्यात बी टाकतो. पोचट वर येते, भरलं खाली बसते. त्याच्यासाठी तुले एवढं शिकवलं का मी?"

"बाबा, आम्ही ते बी मधेच थांबवतो."

"मधे? मधे थांबवून काय करता?"

हे मात्र फोनवर सांगता येईना. मी हसत सुटले, तेही हसायला लागले, आणि मागून आई विचारत राहिली, "काय झालं, काहून हसून राहिले तुम्ही?"

त्या आठवड्यात मला काचेचं वेडच लागलं. स्कूटीवरून जाताना सिग्नलला मी बसच्या खिडक्या न्याहाळायची. रस्त्यात फुटलेली बाटली दिसली की थांबून एक तुकडा कागदाच्या पुडीत. बांगडी फुटली की पुडी. बल्ब गेला की पुडी. मैत्रिणींच्या चहाचा ग्लास माझ्याच हातून फुटला तेव्हा माझ्या तोंडून "वा!" निघालं, आणि त्या दोघी माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मला तो ग्लास आणि आणखी दोन ग्लास नवीन आणून द्यावे लागले.

पाचव्या दिवशी ते घडलं. दुकानाच्या काचेचा एक तुकडा मी नळीत थांबवून ठेवला होता आणि त्यात पँटमधला एकेक तुकडा टाकून पाहत होते. पहिला बुडाला. दुसरा वरच राहिला. तिसरा बुडाला. चौथा खाली जाऊ लागला, सावकाश, मग आणखी सावकाश, आणि दुकानाच्या तुकड्याच्या किंचित खाली येऊन थांबला. मी एक मिनिट पाहिलं, दोन मिनिटं पाहिलं. दोघंही थांबलेले.

मी धावत म्याडमच्या टेबलाशी. "म्याडम, जुळला! चौथा जुळला!"

त्या काहीतरी लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आता काही लिहू नको."

पण माझ्या अंगात काही संचारलंच होतं. मी खाली जाऊन अख्ख्या विभागाला आलूबोंडे आणले. बाबांना फोन केला. "बाबा, चोर सापडला!" एका काचकणावरून मी एका माणसाला चोर ठरवून टाकलं, आणि वर हिरवी मिरची मागून घेतली. हे आठवलं की आजही माझे कान गरम होतात.

मे महिना होता. त्याच दिवशी दुपारी दोनच्या सुमारास वीज गेली. आमच्या खोलीचा नियम पक्का होता. ते द्रव विषारी. त्यांची वाफ ओढून घेणाऱ्या कपाटातच काम करायचं, आणि त्याचा पंखा बंद पडला की नळ्यांना बूच मारायचं आणि बाहेर निघायचं. मी बूच मारलं. पण माझी लाडकी नळी आत एकटी ठेवायला मन होईना. स्टँडसकट उचलून ती व्हरांड्यात आणली आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, सावलीत. आत एसीची गार हवा होती आणि इथे हवा अशी की भिंतीला हात लावला तर चटका बसावा. बाकीचे सगळे खाली झाडाखाली गेले. मी एकटीच आलूबोंड्याचा उरलेला अर्धा तुकडा खात नळीकडे बघत बसले.

आणि चौथा तुकडा निघाला.

काही धक्का नाही, हालचाल नाही. तो नुसता खाली जाऊ लागला, जसं घरात सगळे गप्पा मारत असताना एखादा पाहुणा न सांगता उठून जातो. दुकानाचा तुकडा जागच्या जागी. चौथा तळाला जाऊन टेकला. मी हातातला आलूबोंडा खाली ठेवला. किती वेळ गेला माहीत नाही, पण बराच गेला, आणि मग दुकानाचा तुकडाही हलला आणि सावकाश खाली उतरला.

मला आधी काहीच कळेना. मग एकदम सगळं कळलं. द्रव तापला की हलका होतो, म्हणून त्यात काच बुडते. हे मला पुस्तकातून पाठ होतं. दोन्ही तुकडे एकाच काचेचे असते तर दोघं एकाच वेळी निघाले असते. पण एक आधी गेला, दुसरा नंतर. म्हणजे चौथा दुकानाच्या काचेपेक्षा जड होता, अगदी जराशानेच. आत एसीचा झोत नळीच्या खालच्या भागावर पडत होता, तिथला द्रव गार आणि म्हणून जड झाला होता, आणि त्याच्यावर चौथा टेकून बसला होता. थांबला म्हणजे जुळला असं मला वाटलं, आणि तो 'किंचित खाली' होता हे मी पाहूनही पाहिलं नव्हतं.

मी जिना उतरून पळत खाली गेले. म्याडम झाडाखाली खुर्ची टाकून वर्तमानपत्राने वारा घेत होत्या. मला श्वास लागला होता, डोळ्यांतून पाणी येत होतं.

"रडून काय राहिली?" त्या म्हणाल्या.

"मी रडून नाही राहिली म्याडम, हसून राहिली! तो नाही जुळला!"

"कोण?"

"चौथा! एकटाच बुडाला. दुकानाचा वरच होता. मी चुकले म्याडम, पूर्ण चुकले!"

चूक कबूल करताना इतका आनंद झालेला माणूस त्यांनी बहुधा आधी पाहिला नसावा. त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली. "सकाळी जुळला म्हणून आलूबोंडे दिले. आता नाही जुळला म्हणून काय देशील?"

"तुम्ही म्हणाल ते."

"पाण्याचं भांडं दे. म्हणजे नळी पाण्यात ठेवून तापमान हातात ठेवायचं, आणि अकराही तुकडे पुन्हा करायचे, तीन तीनदा. आज जे उन्हाने करून दाखवलं, ते उद्यापासून तू करायचं."

पुढचे चार दिवस मी जेवण, फोन, केस विंचरणं, सगळं विसरले. नळी पाण्याच्या भांड्यात, पाण्यात थर्मामीटर, आणि पाणी सावकाश, अगदी सावकाश तापवायचं. प्रत्येक तुकडा आपापल्या अंशाला जागचा हलायचा आणि मी तो अंश वहीत टिपायची. दुकानाच्या काचेचे सहा तुकडे घेतले, ते सहाही जवळजवळ एकाच वेळी निघायचे, शाळा सुटल्यासारखे. पँटमधले अकरा मात्र कुणाचं कुणाला पटेना. एक आधीच, एक मागून, दोन जोडीने, एक पार शेवटी. पण दुकानाच्या सहांबरोबर एकही नाही. एकदाही नाही. तिसऱ्या फेरीला तर मी आधीच ओळखू लागले होते. "आता सातवा," मी पुटपुटायची, आणि सातवा निघायचा! मी टाळी वाजवली की शेजारच्या टेबलावरचे सहकारी दचकायचे.

शेवटी म्याडमनी स्वतः एक फेरी केली. माझी वही मिटून बाजूला ठेवली, नळीला डोळा लावला आणि दीड तास जागच्या हलल्या नाहीत. मग दोन्ही वह्या शेजारी शेजारी उघडल्या. आकडे पाहिले. माझ्या खांद्यावर एक थाप मारली. चांगलीच जोरात लागली.

अहवालात लिहिलं: पँटमधील अकरा तुकड्यांपैकी एकही दुकानाच्या काचेशी जुळत नाही. हवालदार अहवाल न्यायला आला तेव्हा त्याने तो जागेवरच वाचला आणि मान हलवत म्हणाला, "म्याडम, तुम्ही आमचं काम वाढवलं बाप्पा."

मग बाबांना फोन करणं आलं. "बाबा, तो चोर नसेल."

"त्या दिवशी तं होता!"

"त्या दिवशी मी घाई केली."

"मंग घाई करू नको नं वं," बाबा म्हणाले. "तो माणूस आहे, पोचट धान नाही फेकून द्यायले."

वर्षभराने मला कोर्टाचं समन्स आलं. बचावाच्या वकिलांनी मला साक्षीला बोलावलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी पिंजऱ्यात उभी राहिले, आणि आतून मला गुदगुल्या होत होत्या, कारण मला जे सांगायचं होतं ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मागच्या बाकाजवळ एक पन्नाशीचा माणूस हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन उभा होता. बोटांवर कापल्याचे पांढरे व्रण. तोच काचवाला. मी त्याचे अकरा तुकडे ओळखत होते, त्याला पहिल्यांदाच पाहत होते.

मॅजिस्ट्रेट म्हणाले, "घनता वगैरे ठीक आहे, पण जरा साध्या भाषेत सांगा."

मी काय सांगणार? धान आणि मिठाचं पाणी सांगितलं. पोचट वर, भरलेलं खाली, आणि आम्ही काच मध्ये कशी थांबवतो ते. मॅजिस्ट्रेट लिहिता लिहिता थांबले. "आमच्या घरी मिठाच्या पाण्यात अंडं टाकून पाहतात," ते म्हणाले, "अंडं तरंगलं की मीठ पुरे झालं." मी पटकन म्हणाले, "हो सर, आमच्याकडेही!" आणि जीभ चावली. पण ते हसले आणि पुन्हा लिहू लागले.

सरकारी वकील उठले. "पँटमध्ये काच होती की नव्हती?"

"होती. अकरा तुकडे."

"दुकानाचा तुकडा पडून गेला असेल, असं होऊ शकतं की नाही?"

"होऊ शकतं. मी फक्त सापडलेल्या अकरांबद्दल सांगू शकते. ते अकराही त्या काचेचे नाहीत."

"म्हणजे मग ही काच कुठून आली?"

मी उत्तर द्यायच्या आत मागून आवाज आला. "मी तं पहिल्या दिवसापासून सांगून राहिलो साहेब! काचवाल्याच्या पँटीत काच नाही तं काय हरभरे निघन?"

सगळं कोर्ट हसलं. शिपायाने त्याला गप्प केलं, मॅजिस्ट्रेटांनी पेनाने टेबल वाजवलं, आणि मी ओठ इतके घट्ट दाबून धरले की ते दुखायला लागले.

तो सुटला. ते मला काही आठवड्यांनी कळलं, आणि तेही त्याच्याच तोंडून. एका दुपारी गेटवरून गार्डचा फोन आला की एक माणूस ऐकतच नाही, काचवाल्या म्याडमला भेटायचं म्हणतो. खाली गेले तर तो उभा, हातात निकालाची प्रत आणि माझ्या अहवालाची झेरॉक्स. मला वाटलं, आता हा आभार मानणार आणि मला कुठे बघावं ते कळणार नाही. त्याने आभार मानलेच नाहीत. अहवालाचं पान उघडून माझ्यासमोर धरलं आणि म्हणाला, "म्याडम, हे अकरा तुकडे वेगवेगळ्या काचेचे आहेत का?"

"दोन एकसारखे आहेत, पाच आणि नऊ. बाकी वेगवेगळे."

"पाच आणि नऊ," तो खूश होऊन म्हणाला, "म्हंजे ती शाळा असन. तिथं मी दोन दिवस काम केलं होतं. आणि हा सगळ्यात जाडा कोणता?"

"चौथा. पण जाडीवरून मी काही सांगू शकत नाही हां."

"तुम्ही नोका सांगू, मी सांगतो. चौथा दातांच्या डॉक्टराच्या टेबलाचा. आणि हा थोडा हिरवा लिहिला आहे, हा जुन्या बंगल्याच्या खिडकीचा, तशी काच आता भेटतच नाही." तिथेच गेटजवळ, भर उन्हात, तो एकेका तुकड्याला पत्ता देत गेला. कुठली गल्ली, कुठला मजला, कुठे चहा मिळाला, कुठे पाणीसुद्धा विचारलं नाही. मी हसत होते, गार्ड हसत होता. ह्यातलं एक अक्षरही मी अहवालात लिहू शकले नसते, आणि तरी मला त्यातलं प्रत्येक खरं वाटत होतं. दहाव्यापर्यंत तो कुठेच अडकला नाही, अकराव्याला अडकला. आकाशाकडे पाहिलं, बोटं मोजली, मान हलवली. "अकरावा नाही आठवून राहिला," असं म्हणत, तसाच विचार करत, तो आपल्या गाडीवर बसून निघून गेला.

दोन दिवसांनी आमच्या विभागातला फोन वाजला. म्याडमनी उचलला, ऐकलं आणि माझ्याकडे दिला.

"म्याडम, अकरावा आठवला!" पलीकडून तो जवळजवळ कुजबुजत होता. "आमच्याच घरचा आहे. सासऱ्याच्या फोटोची काच. पुसता पुसता माह्या हातून फुटली, आणि मी गपचूप नवीन लावून टाकली. बायकोले अजून माहीत नाही. तेवढं कोणाले सांगू नोका."

मी नाही सांगणार म्हणाले आणि फोन ठेवला. म्याडम माझ्याकडेच बघत होत्या.

"काय म्हणाला?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना लगेच सांगून टाकलं.